सांभाळ करीत नाही, सबब

मृत्युपत्र करायला आलेला माणूस कधीच स्वतःसाठी आलेला नसतो. तो शेजाऱ्यासाठी विचारायला आलेला असतो, नाहीतर मेव्हण्यासाठी. टेबलापाशी थोडा वेळ उभा राहतो, उत्पन्नाच्या दाखल्याला काय लागतं ते विचारतो, मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणतो, "बाई, समजा एखाद्याले वसियत करायची असन, तं कायकाय आणा लागते?" मी सांगायची, "एखाद्याला म्हणावं, सातबारा, आधार कार्ड आणि दोन साक्षीदार घेऊन ये. आणि एखाद्यानं स्वतःच यावं." तो हसायचा. आठ-दहा दिवसांनी तोच यायचा, धुतलेला सदरा घालून.

मी अर्जनवीस होते. भंडारा जिल्ह्यात, तालुक्याच्या कचेरीसमोरच्या टिनाच्या शेडखाली माझं टेबल एकतीस वर्षं होतं. शेडमध्ये नऊ टेबलं, त्यातली आठ पुरुषांची. पहिली दोन वर्षं लोक यायचे, माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे आणि विचारायचे, "साहेब कुठं गेले?" मी म्हणायची, साहेब जेवायला गेलेत, तोवर तुमचा कागद मी करून देते. कागद हातात पडेपर्यंत त्यांच्या लक्षात यायचं की साहेब काही येत नाहीत. टायपिंगची परीक्षा मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन दिली होती आणि माझ्या कागदात खाडाखोड नसायची. हळूहळू लोक बाकीची आठ टेबलं ओलांडून माझ्याकडे येऊ लागले. त्याचा मला गर्व होता, आणि आजही थोडा आहे.

खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड, सगळं लिहिलं. पण मृत्युपत्र हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड कागद. सोपा अशासाठी की त्याला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर लिहिलं, करणाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या केल्या, की झालं. नोंदणी केली तर बरं, सक्ती नाही. माणूस जिवंत आहे तोवर तो कागद कितीदाही बदलता येतो आणि शेवटचा असेल तोच धरला जातो. फक्त जे स्वतःचं आहे तेवढंच देता येतं, वडिलोपार्जित सगळं उचलून कुणाच्या नावे करता येत नाही. हे सांगितलं की निम्म्या लोकांचा विश्वास बसायचा नाही. साध्या कागदावर एवढी मोठी गोष्ट होते कशी? काहीजण हट्टानं स्टॅम्पपेपर घेऊन यायचे. मी त्यावर लिहून द्यायची. माणसाचं समाधान झालं की सहीसुद्धा नीट येते.

अवघड अशासाठी, की हा कागद वाचला जातो तेव्हा लिहून देणारा तिथे नसतो. खरेदीखतात काही चुकलं तर दोन्ही बाजू येऊन माझ्याशी भांडू शकतात. मृत्युपत्राचा मालक भांडायला येत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार होती. अड्याळकडचे एक म्हातारबाबा दरसाल दिवाळी झाली की यायचे. दिवाळीत कोणत्या पोरानं काय आणलं यावर त्यांचं घर कधी मोठ्याच्या नावे जायचं, कधी धाकट्याच्या. एका साली दोन्ही पोरं आली नाहीत, तर घर जावयाला दिलं. मी म्हटलं, "काकाजी, दरसाल कायले खर्च करता?" तर म्हणाले, "बाई, तेवढंच तं आहे माह्या हाती." आणि एक म्हातारी आली होती, तिच्याकडे जमीन नाही, घर नाही, पितळेचे अकरा गुंड होते. पाणी भरायचे गुंड, माहेराहून आलेले, लग्नाकार्यात मिळालेले. कोणता कोणाला ते तिनं मला पोचा कुठे पडलाय त्याच्या खुणेनं सांगितलं. मी दोन पानं भरून लिहिलं. "काठाला डाव्या बाजूस पोचा असलेला गुंड नात हिला." शेडमधले सगळे हसले. तिच्या मागे त्या घरात एका गुंडावरूनही भांडण झालं नाही, हे मला तिच्याच सुनेनं बाजारात सांगितलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

ज्यांच्याकडे मी काम शिकले त्या जुन्या अर्जनवीसांची एक नमुना वही होती. प्रत्येक दस्ताचा साचा तिच्यात होता. मृत्युपत्राच्या साच्यात एक ओळ होती: "माझा मुलगा हा माझा सांभाळ करीत नाही, माझी सेवाचाकरी करीत नाही, सबब त्यास मी माझ्या मिळकतीत कोणताही हक्क ठेवीत नाही." सबब म्हणजे म्हणून. कचेरीच्या भाषेत आम्ही म्हणून असं कधी म्हणत नाही. पोटच्या मुलाला वगळून दुसऱ्याला काही द्यायचं असलं की ही ओळ टाकायची. कारण पुढे तो मुलगा हरकत घेतो आणि पहिला प्रश्न हाच निघतो, की बापानं सख्ख्या पोराला का डावललं, डोकं ठिकाणावर होतं ना? त्याचं उत्तर कागदातच देऊन ठेवायचं. म्हणजे कागद पक्का होतो. ओळ खरी आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती. मी ती किती कागदांत लिहिली ते मला सांगता येणार नाही. माझा एकही कागद कधी कोर्टात पडला नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

डोमाजी अड्याळजवळच्या एका खेड्यातले. शेडखाली येऊन त्यांनी रामराम केला, मी जय भीम म्हटलं, ते बाकावर बसले आणि शेजाऱ्याचं नाव न घेता सरळ म्हणाले, "मले माह्या बहिणीच्या नावानं करायचं आहे." इतका सरळ माणूस त्या टेबलावर क्वचित यायचा.

बहीण म्हणजे भागरताबाई. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आलेली. डोमाजींची बायको वारली तेव्हा मुलगा प्रमोद चार वर्षांचा होता. त्याला भागरताबाईनं वाढवलं. डोमाजी गावच्या सोसायटीत चौकीदार होते. पगारातून त्यांनी दीड एकर धानाची जमीन घेतली आणि घर बांधलं, दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर. पण रोवणी, निंदण, धान कापणं, सगळं त्या बाईच्या हातचं. प्रमोद शिकला, पुण्याला एका कंपनीत लागला, तिथेच संसार केला.

डोमाजींना कुणीतरी सांगितलं होतं ते खरंच होतं. मुलगा असताना बहीण वारस होत नाही. ते गेल्यावर घर आणि जमीन दोन्ही प्रमोदचं होणार आणि भागरताबाईला त्या अंगणात उभं राहायचाही हक्क उरणार नाही. प्रमोद तिला हाकलणार नव्हता. पण ती बाई उतारवयात कुणाच्या मेहरबानीवर राहावी, हे डोमाजींना नको होतं.

"पोरगा काही म्हणेल का?" मी विचारलं.

"पोरगा चांगला आहे, बाई. दर महिन्याले पैसे पाठवते. दर ऐतवारी फोन करते. त्याले तिकडं सगळं आहे. हिले कोणी नाही. तसंच लिवा. त्याले म्हणा, रागावू नको, तुह्यासाठी आत्यानं जे केलं ते मी तुह्यावतीनं फेडून राहिलो."

मी मान हलवली आणि टाइप करायला घेतलं. माणूस बोलतो ते पाल्हाळ असतं, कागदाला नेमकेपणा लागतो, अशी माझी समजूत होती. मी साचा उचलला, नावं घातली, गट नंबर घातला, चतुःसीमा घातल्या. ती ओळही घातली. मग माझ्या नेहमीच्या रीतीप्रमाणे सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. हा माझा नेम होता, अंगठेबहाद्दर असो की पदवीधर, वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेतली नाही.

त्या ओळीशी आल्यावर डोमाजींनी हात वर केला.

"बाई, हे तं खोटं आहे."

"काकाजी, हे कायद्याचं बोलणं आहे. त्याचा तसा अर्थ नसतो. ही ओळ नसली तर उद्या कागद पडेल आणि तुमची बहीण रस्त्यावर येईल."

"पण पोरगा वाचीन तं?"

"शिकलेला आहे ना? समजेल त्याला."

त्यांनी कागद जवळ ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर आलेले दोन साक्षीदार उन्हाकडे पाहत होते, त्यांना घरी जायचं होतं. त्यांच्यामागे आणखी तिघं थांबले होते. "करा सही, काकाजी," मी म्हटलं. त्यांनी सही केली. नोंदणीही त्याच दिवशी झाली. जाताना ते हात जोडून म्हणाले, "माह्या बहिणीची सोय झाली." मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले.

डोमाजी पुढे सहा वर्षं जगले.

ते गेले तेव्हा तेरवीला प्रमोद आलाच होता. डोमाजींनी बहिणीला सांगून ठेवलं होतं की तेरवीच्या दिवशी पेटीतला कागद प्रमोदच्या हाती दे. भागरताबाईला वाचता येत नाही. तिनं पंगती उठल्यावर कागद काढला आणि म्हणाली, "वाच बेटा, बाबानं तुह्याच हाती द्यायले सांगतलं होतं." सगळे पाहुणे अंगणात होते. प्रमोद मोठ्यानं वाचू लागला. घर आत्याला, जमीन आत्याला, तोवर त्याचा आवाज नीट होता. मग "माझा मुलगा हा माझा सांभाळ" इथपर्यंत आला आणि थांबला. पुढचं त्यानं मनात वाचलं. पण शेजारी बसलेल्या एकानं डोकावून ते पुरं केलं, लोकांना ऐकू जाईल असं.

प्रमोद त्याच संध्याकाळी निघून गेला. महिन्याभरात भागरताबाईच्या नावाच्या फेरफाराला त्याची हरकत आली. तलाठ्याकडे नोंद अडली आणि प्रकरण सुनावणीला लागलं. वर्षश्राद्धाला तो आला नाही.

हे सगळं मला भागरताबाईनंच सांगितलं. ती शेडखाली आली, बाकावर बसली नाही, खाली टेकली. मी हात धरून वर बसवलं. हरकत टिकली तर घर जाईल हे तिला माहीत होतं, पण ती त्याबद्दल एकच वाक्य बोलली. बाकी सगळं प्रमोदबद्दल.

"फोन उचलत नाही वं बाई तो. माह्या हातानं वाढलेलं पोर. गावात लोक म्हणतात, बापाले सांभाळत नव्हता. काहून असं? दर महिन्याले पैसे येत होते. दवाखान्यात तोच घेऊन गेला होता." मग माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "माह्या भावाच्या तोंडून असं निघालंच नसतं. हे लिवलं कोनं?"

कागदाच्या शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात माझं नाव आणि माझा शिक्का होता. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मी सुटले. "तशी पद्धत असते, आत्याबाई," इतकंच मी म्हटलं. एवढी वर्षं खाडाखोड नाही म्हणून मिरवणारी मी, आणि खोडायची होती ती ओळ मी कधी खोडलीच नव्हती.

सुनावणीला लेखक म्हणून मला बोलावणं आलं. भागरताबाईच्या वकिलांनी आदल्या दिवशी समजावलं. "तुम्हाला एकच प्रश्न येईल, मयतानं सांगितलं तसंच लिहिलं का? हो म्हणायचं आणि बसायचं. एक शब्द इकडेतिकडे झाला तर समोरचा वकील म्हणेल, एक ओळ त्यांची नाही तर बाकीच्या त्यांच्या कशावरून? सगळा कागद संशयात जाईल. म्हातारीचं घर तुमच्या जिभेवर आहे." ते बरोबरच बोलत होते. मीही कुणाला हाच सल्ला दिला असता.

सुनावणीच्या खोलीत प्रमोद पहिल्यांदा दिसला. चाळिशीचा, अर्धं टक्कल, बापासारखाच लांबट चेहरा. आत्याकडे त्यानं पाहिलं नाही. ती मात्र सारखी त्याच्याकडेच पाहत होती, तो वाळलाय का ते.

अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारला. मयतानं सांगितलं तसाच मजकूर लिहिला का?

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हणाले, "एक ओळ सोडून."

लिहिणारा कारकून थांबला. प्रमोदचे वकील उठलेच. "साहेब, नोंद घ्या! लेखकच म्हणते मजकूर मयताचा नाही!" आमचे वकील डोक्याला हात लावून बसले. अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोलून राहिल्या, समजते ना तुम्हाला?"

"समजते, साहेब. घर आणि जमीन बहिणीला, हे त्यांचं. स्वतःहून आले, स्वतःच्या तोंडानं बोलले, दोन्ही साक्षीदार हयात आहेत, विचारा त्यांना. सांभाळ करीत नाही ही ओळ माझी. ती माझ्या वहीतली आहे. ती मी सगळ्यांच्याच कागदात टाकत होते."

प्रमोद उभा राहिला. वकिलांनी त्याचा हात ओढला, तो त्यानं सोडवून घेतला.

"मग बाबा काय म्हणाले होते?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द. दिवसभरात किती लोक बोलून जातात, पण ते बोलणं मला आठवत होतं, कारण भागरताबाई येऊन गेल्यापासून महिनाभर मी दुसरं काही आठवलंच नव्हतं. पोरगा चांगला आहे. दर ऐतवारी फोन करते. रागावू नको, तुह्यासाठी आत्यानं जे केलं ते मी तुह्यावतीनं फेडून राहिलो.

"तुम्ही ती ओळ त्यांना वाचून दाखवली होती?"

"हो."

"मग?"

"खोटं आहे म्हणाले. पोरगा वाचीन म्हणाले. मी म्हटलं, समजेल त्याला. करा सही."

मागून भागरताबाईचा रडका आवाज आला, "मी तेरवीच्या दिवशीच सांगत होती न रे तुले." प्रमोदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, बाई आता जे बोलल्या ते सगळं बयानात लिहा. बाबांचे शब्द आहेत तसे लिहा. मला त्याची नक्कल पाहिजे. आणि माझी हरकत मी मागे घेतो."

त्याचे वकील बाहेर जाऊन भांडले त्याच्याशी.

भागरताबाईच्या नावाची नोंद झाली. घर तिचं राहिलं, जमीन तिची राहिली. हा माझा कागदही पडला नाही म्हणायचा, पण त्याची फुशारकी मारायला मला तोंड नाही.

बाहेर सायकल स्टँडजवळ प्रमोद आत्याला धरून उभा होता. मी जवळ गेले. माफी मागायची होती, ती कशी मागतात तेच सुचेना, म्हणून चहा घेणार का असं विचारलं. तो नाही म्हणाला. रागानं नाही, नुसतं नाही. मग म्हणाला, "सही केल्यावर बाबा सहा वर्षं होते. दर रविवारी बोलायचो आम्ही. पाऊस, धान, आत्याचे गुडघे. हे एकदाही बोलले नाही. सरकारी कागदापुढं ते बोलायचेच नाही कधी."

मी घरी येताना तोच विचार करत होते. त्याचं एक वर्ष गेलं. त्याच्या बापाची सहा गेली. दर रविवारी फोन वाजला की त्या माणसाला आपण कशाखाली सही केलीय ते आठवत असणार, आणि मी त्याला सांगून बसले होते की त्याचा तसा अर्थ नसतो.

त्यानंतर मी टेबल फार दिवस ठेवलं नाही. नाहीतरी आता सगळं कॉम्प्युटरवर झालंय, शेडखाली तीनच टेबलं उरलीत. जाण्याआधी जेवढे दस्त आठवले तेवढ्यांची नावं काढली आणि जवळपासच्या गावांत जाऊन आले. ज्यांचे मालक हयात आहेत त्यांना म्हटलं, पेटीतून कागद काढा. काहींनी मला वेड्यात काढलं. एक म्हातारा म्हणाला, "बाई, माह्या कागदात राहू द्या ते. माह्याच्यात खरं आहे." त्याला मी नमस्कार केला आणि पुढे गेले. चौघांनी कागद बदलले. त्यातल्या एकीनं नव्या कागदात आपल्या दोन्ही मुलींबद्दल इतकं लांबलचक लिहायला लावलं की माझी बोटं दुखली, आणि मी त्यातला एकही शब्द गाळला नाही.

पण माझ्या आठवणीत न राहिलेले कागद कितीतरी आहेत. अड्याळच्या, पवनीच्या, आंधळगावपर्यंतच्या घरांत ते कपाटांत आणि पेट्यांत पडलेले आहेत. लिहून देणारे कुठे ओसरीवर बसले असतील, कुठे पोराच्या फोनची वाट पाहत असतील. दिवाळी अंक हौसेनं वाचणाऱ्या घरांत तसा एखादा कागद नक्की असेल, म्हणून हे अंकासाठी लिहिलं.

तुमचा कागद काढा. शेवटच्या पानावर डाव्या कोपऱ्यात माझं नाव असेल तर सावकाश वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. ती ओळ तुमची असेल तर राहू द्या. तुमची नसेल तर दोन साक्षीदार घेऊन माझ्याकडे या, मी घरीच असते, काही घेणार नाही. यायला होत नसेल तर निदान आज पोराला फोन करा आणि ती ओळ तुमची नाही असं सांगा. तुम्ही आहात तोवर ती माझी आहे. तुम्ही गेलात की ती तुमची होईल.